नीत्शे आणि ब्रॉयर: खरं किती, कल्पित किती?

प्रश्न: अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ यालोमची जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेवरची कादंबरी 'व्हेन नीत्शे वेप्ट' काल संपवली. १८८२चं व्हिएन्ना, डॉ. ब्रॉयर, तरुण फ्रॉइड, लेखिका लू सालोमे... डोक्यातून जातच नाहीये. यातलं खरं काय?

प्रतिसाद १: ब्रॉयर-नीत्शे भेट काल्पनिक. लू मात्र नीत्शेला त्याच वर्षी रोममध्ये भेटली, आणि त्याची लग्नाची मागणी तिनं नाकारली.

प्रतिसाद २: मी समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे मला यात सगळ्यात मोठी वाटते ती ब्रॉयरची खरीखुरी रुग्ण, बर्था पापेनहाइम. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच कोलमडली. हात लुळा पडला, जर्मन बोलता येईना, नुसतं इंग्रजी! ब्रॉयर संध्याकाळी येऊन ऐकत बसायचा. एकेक त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला ते ती उलगडत जायची. मानसोपचाराची सुरुवात मला तिथे दिसते. ब्रॉयर आणि फ्रॉइडच्या १८९५च्या पुस्तकात ती 'अ‍ॅना ओ.' या नावानं येते, बरी झालेली. प्रत्यक्षात १८८२च्या जुलैत तिला सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं होतं. आणि पुढे याच बाईनं १९०४मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारली! कादंबरीत ती बहुतेक ब्रॉयरच्या मनातली ओढ म्हणूनच उरते, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती: ताई, मनापासून आभार. बर्थाबद्दल मराठीत काही वाचायला मिळेल का?