चाचणी, प्रयोग की फवारणी?

तासगाव : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहितोय. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकी नौदलाने जहाजावरून सॅन फ्रान्सिस्को शहरावर जंतू सोडले, त्याबद्दल. मी 'विषाणू-अस्त्राची गुप्त चाचणी' असं लिहिलं. वडील म्हणाले, "चाचणी कसली? फवारणीच की ही!" आमची द्राक्षबाग आहे, घरात हा शब्द दिवसातून दहादा येतो. कोणता घ्यावा?

मिरज : दादा, आधी 'विषाणू' खोडा. सोडला तो सेरेशिया मार्सेसेन्स, जीवाणू. मी लॅबमध्ये आयुष्य काढलंय; प्लेटवर याची वाढ लालभडक दिसते, रक्ताचे थेंब पडल्यासारखी. माग काढायला सोपा म्हणूनच तो निवडला. 'अस्त्र'सुद्धा नको. खऱ्या अस्त्राच्या जागी वापरलेला तो बदली जंतू होता, निरुपद्रवी समजून घेतलेला. पण पुढे तिथल्या एका रुग्णालयात ११ जणांना याच जंतूचा संसर्ग झाला आणि त्यांतले एडवर्ड नेविन हे रुग्ण दगावले. लष्कराने संबंध नाकारला, घरच्यांनी लावलेला दावाही फेटाळला गेला.

'फवारणी' कृतीपुरता बरोबर आहे. पण बागेत ब्लोअर सुरू करण्याआधी आपण शेजारच्या बांधावर हाक मारतो ना, "वारं तुमच्याकडं आहे, पोरं आत घ्या" म्हणून? तिथं वारं शहराकडं असणं हाच बेत होता, आणि हाक कुणीच मारली नाही. मी 'प्रयोग' म्हणेन. चाचणी वस्तूची असते.

सातारा : ताई, चाचणी माणसांचीही असते. मी वर्षाला चार घटक चाचण्या घेतो. पण मुलांना तारीख आधी कळवतो! म्हणून 'प्रयोग' मलाही पटतो. फक्त 'नकळत केलेला प्रयोग' लिहू नका. करणाऱ्यालाच कळलं नाही, असा अर्थ निघतो. करणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. १९४९ ते १९६९ या काळात उघड्यावर अशा २३९ चाचण्या केल्याचं लष्करानेच १९७७ मध्ये सिनेटपुढे सांगितलं. 'गुप्त'ही मला खटकतो. गुप्तदान म्हटलं की मान वाटतो, इथं लपवाछपवी आहे.

तासगाव : मग 'नागरिकांना अंधारात ठेवून त्यांच्यावर केलेला जंतुप्रयोग' असं करतो. लांब झालं, पण यातला एकही शब्द काढवत नाही. 'फवारले' हे क्रियापद आत राहू देतो, वडिलांचं आहे.

मिरज : राहू द्या. 'बदली जंतू' मात्र कंसात एका ओळीत समजावून सांगा, मुलं अडतील.