मदत हवी आहे : आरोग्य केंद्राच्या रोगी कल्याण समितीपर्यंत सामान्य माणसाने पोचायचं कसं? (इंदूर)

माळवावासी

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहिते आहे. आरोग्य खात्यात काम केलेलं, माहिती अधिकाराचे अर्ज लिहिलेलं किंवा एखाद्या रुग्णालयाच्या समितीवर बसलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा.

आमच्या भागात एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही. एकट्या बाई आहेत, ओपीडी संपेपर्यंत मान वर करत नाहीत. सासूबाईंची बीपीची आणि शुगरची औषधं आम्ही तिथूनच आणतो. बरेच दिवस झाले, त्यातलं एक ना एक औषध नसतंच. पर्च्यावर 'बाहेरून घ्या' म्हणून सांगतात. आम्ही घेतो, आमचं अडत नाही. पण मागच्या वस्तीतल्या बायका, कुणी धुणीभांडी करते, कुणी पापड लाटते, त्या औषध मिळालं नाही की गोळी सरळ बंद करतात. त्यातल्या एकीला पन्नाशीच्या आत अर्धांगवायू झाला. गोळी दीड महिना बंद होती. दोन्हीचा संबंध आहेच असं मी डॉक्टर नसताना म्हणणार नाही, पण मला त्यानंतर गप्प बसवत नाही.

सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. औषध आलं, तक्रार बंद झाली, आणि पुढच्या खेपेला औषध पुन्हा नाही. एकेका पर्च्यासाठी तक्रार करत राहायचं, तर ज्यांना तक्रार करता येते त्यांनाच औषध मिळेल.

केंद्राच्या भिंतीवर 'रोगी कल्याण समिती' असा फलक आहे. अध्यक्ष आणि सचिव यांच्यापुढे पदनाम लिहिलंय, सदस्यांचा रकाना कोरा. बैठक कधी होते विचारलं तर उत्तर मिळालं, "वरून कळवतील तेव्हा." पार्षदांच्या (म्हणजे नगरसेवकांच्या) घरी गेलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण त्यांनाही या समितीत आपण आहोत की नाही हे ठाऊक नव्हतं.

मला हे जास्त लागतं, कारण ही समिती मुळात आमच्या गावची. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा इथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आमच्या 'एमवाय'मध्ये, उंदरांचं राज्य होतं. तेव्हाचे कलेक्टर सुधीरंजन मोहंती यांनी रुग्णालय रिकामं करून उंदीर मारवले, इमारत साफ करवली. गावातल्या लोकांनी पैसे दिले, हातभार लावला. हे पुन्हा बिघडू नये म्हणून १९९४-९५ मध्ये नागरिक आणि अधिकारी यांची मिळून रोगी कल्याण समिती झाली. ऐपत असलेल्या रुग्णांकडून थोडं शुल्क घ्यायचं आणि तो पैसा सरकारी तिजोरीत न टाकता रुग्णालयातच वापरायचा, ही त्यातली नवी गोष्ट. मध्य प्रदेशभर ती पसरली, २००० साली ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचा पुरस्कार मिळाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. महाराष्ट्रातली तुमची रुग्ण कल्याण समिती ही तीच.

आणि २०२५ मध्ये त्याच एमवायच्या नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं पुढे दगावली. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वर्तमानपत्र हातात धरून मी किती वेळ बसले होते.

माझं मत असं झालंय की समिती सुरू झाली ती पैशाच्या सोयीसाठी, आणि तो भाग टिकला. लोकांनी आत येऊन विचारायचा भाग मागे पडला. तर माझे प्रश्न : सदस्य कोण नेमतं आणि वस्तीतल्या बाईला ती जागा मिळू शकते का? बैठकीचं इतिवृत्त आणि हिशोब मागण्याचा हक्क आम्हाला आहे का? आणि समितीच्या हातात औषधांच्या बाबतीत खरोखर काही असतं का, की आम्ही चुकीचं दार ठोठावतोय?

नर्मदाकाठ

ताई, मी मध्य प्रदेशच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालो, अशा बैठकांची कागदपत्रं पुष्कळ तयार केली आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

दार चुकीचं नाही, पण पहिलं नाही. राज्यात २०१२ पासून मोफत औषध योजना आहे. औषधांचे दर आणि पुरवठादार राज्य पातळीवरच्या महामंडळाकडून ठरतात, आरोग्य केंद्र आपली मागणी वर पाठवतं, जिल्ह्याच्या भांडारातून माल येतो. म्हणजे औषध नसण्याची निरनिराळी कारणं असतात. केंद्राने मागणीच कमी पाठवली, किंवा वेळेवर पाठवली पण भांडारात माल नव्हता, किंवा पुरवठादाराने उशीर केला. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं, 'औषध नाही'. समितीच्या पैशातून तातडीची औषधं गावातच विकत घेता येतात, पण कुणीतरी बैठकीत विषय काढावा लागतो. बैठकच नाही, तर खर्चाची मंजुरी कोण देणार? आणि मंजुरीविना खर्च केला तर लेखापरीक्षणात उत्तर द्यावं लागेल या भीतीने डॉक्टर हात लावत नाहीत. पैसा खात्यात पडून राहतो आणि बाई गोळीविना घरी जाते. हे मी स्वतः पाहिलेलं आहे, म्हणून सांगतो.

सदस्य होण्याच्या मागे आत्ताच लागू नका. नेमणुका आदेशाने होतात, त्यात वेळ जाईल, आणि एकटं कुणी आत गेलं तर सही करण्यापुरतं उरतं. वस्तीतल्या बायकांसाठी दुसरी जागा आधीच ठेवलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी (म्हणजे समितीने स्वतः ठरवून खर्चायचा पैसा) मिळतो, आणि आशा कार्यकर्ती तिच्यासोबत काम करते. तुमच्या वस्तीची आशा कोण, हे आधी शोधा. समिती कागदावर असेलच बहुतेक.

स्वानंदी

मनापासून विचारते, राग मानू नका. एवढ्या समित्या आणि अर्जांत वर्ष जाईल. त्यापेक्षा मराठी मंडळींनी वर्गणी काढून त्या बायकांची औषधं आणून दिली तर? बीपीची जेनेरिक गोळी फार महाग नसते. आणि खाजगी दवाखान्यांवर कुणाची नजर असते की नाही, तेही कुणी सांगा.

माळवावासी

स्वानंदी, राग कशाला. काही जणींची औषधं आम्ही आणतोच आहोत, बंद करणार नाही. पण ज्या माझ्या ओळखीच्या आहेत त्यांनाच ती मिळतात. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोण राहतं हे मला माहीत नाही. शिवाय ती औषधं त्यांच्या हक्काची आहेत, सरकारने त्यासाठी पैसे ठेवले आहेत. मी वर्गणीतून दिली तर केंद्राच्या नोंदीत कमतरता दिसणारच नाही, आणि पुढच्या वर्षीची मागणी तेवढीच कमी जाईल. हे मला नर्मदाकाठ काकांचं वाचून आत्ता लक्षात आलं.

काका, आशाताई भेटल्या. समिती कागदावर आहे. ज्या बायकांची नावं आहेत त्यातल्या दोघींना आपण सदस्य आहोत हे माहीतच नव्हतं. मात्र ऐकल्यावर त्या खूश झाल्या, आणि एकीने लगेच विचारलं, "मग पाच हजारांचं काय झालं?"

नर्मदाकाठ

बरोबर विचारलं त्यांनी. तो प्रश्न त्यांनीच विचारू द्या, तुम्ही नका विचारू.

खाजगीबद्दल : केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा, मध्य प्रदेशाने घेतलेला नाही. इथे नर्सिंग होमसाठी राज्याचा १९७३ चा कायदा चालतो, नोंदणी आणि परवाना मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांकडे. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

मेळघाटातला

उशिरा वाचलं. मी अमरावती जिल्ह्यात लोकाधारित देखरेख प्रक्रियेत काम केलंय. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये नऊ राज्यांत हा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे होते. मध्य प्रदेशही त्या नऊ राज्यांत होता, म्हणजे तुमच्या राज्याला हे परकं नाही.

आम्ही काय करायचो ते सांगतो. गावच्या समितीने बसून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं काढायची. नर्सबाई आल्या का, औषध मिळालं का, कुणी पैसे मागितले का. प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता गावात लावायचा. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही लाल दिसतो. मग जनसुनवाई. तिथे वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे लोक, पंचायतीचे लोक समोर बसायचे आणि लोक आपला अनुभव सांगायचे. पहिल्या सुनवाईत अधिकारी चिडतात, हे धरूनच चला. पण पुष्कळदा असं झालं की डॉक्टरच नंतर येऊन म्हणाले, आमच्याकडे रेफ्रिजरेटर बंद आहे, पद रिकामं आहे, तेही तुमच्या तक्त्यात लिहा. लोकांनी विचारलं की वरची फाइल हलते, हे त्यांनाही कळतं. म्हणून तुमच्या डॉक्टरबाईंना आधी भेटा. लपूनछपून तक्ता करू नका. त्या एकट्याने झटताहेत म्हणता ना, मग त्यांनाही कुणीतरी पाठीशी हवं असेल.

एक काळजी घ्या. कुणाचा आजार, कुणाचं नाव चारचौघांत उघडं करू नका. "अमुक इतक्या जणींना गोळी मिळाली नाही" एवढं पुरतं. शहरात वस्ती दाट असते, शेजारणीला सगळं कळतं, आणि बाई पुन्हा बैठकीला येत नाही.

अर्जदार_पुणे

माहिती अधिकाराचं मी सांगतो. २००५ च्या कायद्यातलं कलम ४(१)(ख) वाचा. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्यांची यादी आणि त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे न मागता जाहीर करायचं असतं. तुमचा दुसरा प्रश्न थेट यात बसतो. तेव्हा इतिवृत्त मागताना "कृपया द्यावे" असा सूर नको.

अर्ज जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे (आपल्याकडचे जन माहिती अधिकारी) करा, आरोग्य केंद्रात नको. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. म्हणून अर्ज वस्तीतल्याच एखाद्या बाईच्या नावाने गेला तर उत्तम, पण तिला मजकूर वाचून दाखवा, तिची तयारी असेल तरच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्ज हिंदीतच करा.

मसुदा इथे टाका, बघून देतो.

माळवावासी

सगळ्यांचे आभार. डॉक्टरबाईंना भेटले. मेळघाटातल्या दादांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. बाईंनी दार लोटलं आणि मागणीपत्रकाच्या स्थळप्रती दाखवल्या. मागणी वेळेवर गेलेली आहे, आलेला माल निम्मा. त्या म्हणाल्या, तुम्ही लेखी विचारलंत तर मला लेखी उत्तर देता येईल.

मसुदा हिंदीत केलाय, मथितार्थ इथे देते. मागच्या दोन आर्थिक वर्षांत समितीच्या किती बैठका झाल्या, त्यांचं इतिवृत्त. समितीचे सदस्य आणि नेमणुकीचा आदेश. बीपी आणि शुगरची औषधं का पुरवली जात नाहीत. समितीच्या खात्यात किती रक्कम आहे आणि ती खर्च का केली नाही. वस्तीतल्या महिलांना सदस्य का केलेलं नाही.

अर्जदार_पुणे

पहिले दोन उत्तम. पुढच्या तिन्हींतला 'का' काढा. नोंदीत जे आहे ते द्यायला ते बांधील आहेत, कारणं सांगायला नाहीत, आणि 'का' दिसला की अर्ज परत करायला निमित्त मिळतं. असं लिहा : या दोन औषधांची केंद्राने पाठवलेली मागणीपत्रकं तारखेसह, भांडारातून मिळालेल्या मालाच्या पावत्या, आणि साठा नोंदवहीत ज्या तारखांना शिल्लक शून्य होती त्या पानांच्या प्रती. समितीच्या रोखवहीच्या आणि बँक खात्याच्या दोन वर्षांच्या प्रती. सदस्य निवडीचे निकष असलेला आदेश. शेवटी एक ओळ घाला की नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे, तारीख कळवावी. कलम २(ञ) मध्ये तो हक्क आहे, आणि पाहणीला दोघीतिघी मिळून जा. तुमचं 'का' त्या शून्यांच्या तारखा मागणीच्या तारखांशेजारी ठेवल्या की आपोआप कळेल.

नर्मदाकाठ

आणि ती पानं हाती आली की कलेक्टर कार्यालयात मंगळवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या सरकारी जनसुनवाईत एकच मागणी ठेवा : समितीची बैठक अमुक तारखेपर्यंत घ्यावी आणि तिच्या विषयपत्रिकेत या दोन औषधांची स्थानिक खरेदी असावी. सदस्यत्वाचा अर्ज त्याच कागदावर जोडू नका, वेगळा द्या. एका कागदावर दोन मागण्या असल्या की सोपी तेवढी मान्य होते.

माळवावासी

बदल केले. अर्ज त्या "पाच हजारांचं काय झालं" विचारणाऱ्या बाईच्या नावाने जातोय, तिनेच हट्ट धरला. तिच्याकडे बीपीएलचं कार्ड आहे, तेव्हा शुल्कही नाही. तिरंगी तक्ता येत्या रविवारी महिला आरोग्य समितीच्या बैठकीत करून बघू, मेळघाटातल्या दादांनी प्रश्नांची यादी पाठवली तर फार बरं होईल. आमच्या शहरी केंद्राला लागू होतील एवढेच प्रश्न हवेत. ग्वाल्हेर, देवास, उज्जैन इथल्या कुणी आपल्या केंद्रातली समिती प्रत्यक्ष चालू असलेली बघितली असेल, बैठकीला लोक बसू देतात असं, तर कृपया लिहा. तिथला आदेश आम्हाला इथे दाखवता येईल.