सासाकीला पुन्हा स्टार्टर करावे का? तरुण पिचर आणि बुलपेनचा मोह

डावखुरा

लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२५ मध्ये टोरंटोला सातव्या सामन्यात हरवून बेसबॉलची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, सलग दुसऱ्यांदा जिंकली. त्या जल्लोषात मागे पडलेला एक प्रश्न येथे चर्चेसाठी मांडतो. रोकी सासाकी नोव्हेंबर २०२५ मध्ये २४ वर्षांचा झाला. २०२५ च्या जानेवारीत डॉजर्सने त्याला करारबद्ध केले ते स्टार्टर म्हणून, म्हणजे नऊ इनिंग्जच्या सामन्याची पहिली इनिंग टाकून पुढे जमेल तितका वेळ टिकणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) म्हणून. पहिल्या आठ सामन्यांत त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, ४.७२ राहिला. मे महिन्यात खांदा दुखावला आणि तो सप्टेंबर अखेरीपर्यंत बाहेर होता. परतला तो मात्र बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातून, शेवटच्या इनिंग्ज टाकणारा रिलीव्हर म्हणून. फिलाडेल्फियाविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेत त्याने पहिल्या सामन्याची नववी इनिंग टाकून विजय पक्का केला. चौथ्या सामन्यात तर आठवी, नववी आणि दहावी अशा तीन इनिंग्जमध्ये समोर आलेले नऊच्या नऊ फलंदाज त्याने परत पाठवले. वसंतात ताशी ९५-९६ मैलांवर रेंगाळणारा त्याचा फास्टबॉल आता शंभरी गाठत होता.

साहजिकच अनेकांनी निकाल देऊन टाकला की हा मुलगा जन्मजात क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून आघाडी राखणारा पिचर, आहे, त्याला नववी इनिंग कायमची देऊन टाका. २०२६ च्या मोसमात त्याला पुन्हा स्टार्टर करण्याचा इरादा संघ व्यवस्थापनाने बोलून दाखवला आणि माझ्या मते तोच निर्णय योग्य आहे.

याचे साधे कारण म्हणजे इनिंग्जचा हिशेब. चांगला स्टार्टर मोसमात १७० ते १८० इनिंग्ज टाकतो, तर क्लोजर साठ-पासष्ट. त्या साठ कितीही मोलाच्या क्षणी येत असल्या तरी उरलेल्या शंभरांहून अधिक इनिंग्ज कोणीतरी टाकाव्याच लागतात, आणि तो 'कोणीतरी' बहुधा सासाकीपेक्षा कमी प्रतीचा असतो. दुसरे कारण म्हणजे जोबा चेंबरलेनचे उदाहरण. न्यूयॉर्क यांकीजने ऑगस्ट २००७ मध्ये या २१ वर्षांच्या मुलाला बुलपेनमध्ये आणले. त्याने २४ इनिंग्जमध्ये ०.३८ असा अविश्वसनीय ईआरए राखला. एक इनिंग टाकली की एक दिवस विश्रांती, दोन टाकल्या की दोन, असे खास नियम त्याच्यासाठी केले गेले. २००८ च्या मोसमाच्या मध्यावर त्याला स्टार्टर केले, ऑगस्टमध्ये खांदा दुखावला. २००९ मध्ये पूर्ण मोसम स्टार्टर म्हणून खेळवले, पण इनिंग्ज मोजून मापून दिल्या आणि ईआरए ४.७५ झाला. २०१० मध्ये पुन्हा बुलपेन. पुढच्या वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. लोक म्हणतात की तो मुळात रिलीव्हरच होता. मी म्हणतो की त्याला दोन्हींपैकी काहीही धड होऊ दिले गेले नाही, आणि या गोंधळाचे मूळ त्या ०.३८ मध्ये आहे, कारण त्या आकड्याने सर्वांचे डोळे दिपवले.

जुना ओरिओल

डावखुरा यांनी एका फसलेल्या प्रयोगावरून संपूर्ण पद्धत बाद ठरवली आहे, ते मला मान्य नाही. बॉल्टिमोरचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांचे ठाम मत होते की नवख्या पिचरने मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग) पहिले धडे लाँग रिलीफमध्ये गिरवावेत. स्टार्टर लवकर कोलमडला की तिसऱ्या-चौथ्या इनिंगला मैदानात यायचे, सामना बहुतेक हातातून गेलेला असतो, दडपण कमी असते आणि तीन-चार इनिंग्ज टाकायला मिळतात. १९७७ मध्ये डेनिस मार्टिनेझ ४२ सामन्यांत खेळला, त्यांपैकी स्टार्टर म्हणून फक्त १३. या उमेदवारीने त्याचे काही बिघडले नाही. १९९१ मध्ये माँट्रियलकडून त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर जाऊ न देता पूर्ण सामना.

अगदी नव्या काळातील नावे हवी असतील तर क्रिस सेल घ्या. जून २०१० च्या नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये निवड, त्याच ऑगस्टमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या बुलपेनमध्ये पदार्पण, पुढचे पूर्ण वर्षही बुलपेनमध्येच आणि २०१२ मध्ये स्टार्टर होताच १७ विजय. २०२४ मध्ये, पस्तिशीत, त्याला लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. ॲडम वेनराइटने २००६ मध्ये सेंट लुईसचा क्लोजर म्हणून कार्लोस बेल्ट्रानला बाद करून संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेले, पुढच्या मोसमापासून तो स्टार्टर झाला आणि दोनशे विजय मिळवूनच निवृत्त झाला. बुलपेन म्हणजे काही अडगळीची खोली नव्हे.

आकडेबहाद्दर

जुना ओरिओल यांची यादी प्रभावी आहे, पण ती वर पोहोचलेल्यांची यादी आहे. वाटेत घसरलेल्यांची नावे त्यांनी सोयीने वगळली. टेक्सासचा नेफ्ताली फेलिझ २०१० मध्ये ४० सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद) मिळवून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१२ मध्ये त्याला स्टार्टर करण्यात आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याच मोसमात बॉस्टनने डॅनियल बार्डवर हाच प्रयोग केला. दहा स्टार्ट्समध्ये त्याचा नेमच हरवला आणि २०१३ नंतर मोठ्या लीगमध्ये परतायला त्याला २०२० उजाडावे लागले. दोन-तीन वर्षे शरीराला एका इनिंगची सवय लावायची आणि मग अचानक शंभर चेंडूंची अपेक्षा करायची, यात धोका आहे हे नाकारता येणार नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. तो या चर्चांमध्ये कोणी काढत नाही, कारण आपण सर्वजण संघमालकाच्या खुर्चीत बसूनच बोलत असतो. क्लोजर एडविन डियाझने २०२२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी केलेला १० कोटी २० लाख डॉलरचा करार हा रिलीव्हरसाठी दहा कोटींची मर्यादा ओलांडणारा पहिला करार होता. त्याच्या तीन वर्षे आधी स्टार्टर गेरिट कोलला ३२ कोटी ४० लाख मिळाले होते. बाविशीतील मुलाला 'संघाच्या गरजेसाठी' बुलपेनमध्ये धाडणे म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या कमाईवर परस्पर कात्री चालवणे आहे. सासाकी तर आधीच २५ वर्षांखालील परदेशी खेळाडूंच्या नियमामुळे अवघ्या ६५ लाख डॉलरच्या बोनसवर आलेला आहे.

बुलपेनचा फोन

मी उघडपणे विरुद्ध बाजूने आहे. तिसऱ्या प्रकारचा भरवशाचा चेंडू नसलेला स्टार्टर हा कागदावरचा स्टार्टर असतो. फलंदाज पिचरला त्याच सामन्यात तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा त्याची कामगिरी सुधारते, ही गोष्ट आता प्रत्येक संघ गृहीत धरतो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ब्लेक स्नेल नऊ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून ७३ चेंडूंवर जोरात असताना टॅम्पा बेचे व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी त्याला याच भीतीपोटी काढले. सामना हातचा गेला, तरी तो विचार बेसबॉलमधून गेला नाही. सासाकीकडे फास्टबॉल आणि स्प्लिटर (फलंदाजाजवळ अचानक खाली पडणारा चेंडू) ही दोन अव्वल अस्त्रे आहेत, स्लायडरचा (बाजूला वळणाऱ्या चेंडूचा) भरवसा नाही. दोन चेंडूंवर एक इनिंग राज्य करता येते, सहा करता येत नाहीत. मारियानो रिव्हेराने १९९५ मध्ये दहा सामने स्टार्टर म्हणून सुरू केले होते आणि त्याचा ईआरए साडेपाच होता. यांकीजने हट्ट सोडला, म्हणून ६५२ सेव्ह झाले आणि हॉल ऑफ फेममध्ये तो एकमताने निवडला गेला. सासाकी पुढचा रिव्हेरा होऊ शकत असेल तर त्याला मध्यम दर्जाचा स्टार्टर बनवण्याची ही कसली हौस?

डावखुरा

'बुलपेनचा फोन' यांचा तिसऱ्या चेंडूचा मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. तिसरा चेंडू नाही म्हणून बुलपेनमध्ये ठेवा, हे बोलायला ठीक. पण बुलपेनमध्ये ठेवले तर तो तिसरा चेंडू शिकणार कधी? नववी इनिंग, एका धावेची आघाडी, धावपटू दुसऱ्या बेसवर, काउंट तीन-एक (तीन वाईट चेंडू, एक स्ट्राइक). अशा वेळी कोणता कॅचर अर्धवट जमलेल्या स्लायडरची खूण करील? तो फास्टबॉलच मागणार आणि त्याचे चुकतही नाही. मात्र असे साठ सामने गेले की पिचर जिथे होता तिथेच राहतो, त्याच्या दोन चेंडूंची धार तेवढी वाढते.

योहान सान्तानाचे उदाहरण जुना ओरिओल यांनी दिले नाही याचे मला आश्चर्य वाटते, कारण वरवर पाहता ते त्यांच्याच बाजूचे आहे. तो मिनेसोटासाठी सुरुवातीची काही वर्षे बुलपेनमधून खेळला आणि पुढे २००४ आणि २००६ चा साय यंग विजेता ठरला. पण ज्या चेंजअपने (फास्टबॉलसारखा दिसणाऱ्या संथ चेंडूने) त्याला सान्ताना बनवले तो बुलपेनमध्ये घडला नाही. २००२ मध्ये त्याला खालच्या लीगमधील एडमंटन संघात पाठवले, तेथे पिचिंग कोच बॉबी क्वेयार यांनी त्याला सामन्यांमध्ये तो चेंडू वारंवार टाकायला लावले, फटके बसले तरी टाकायला लावले, आणि तेव्हा कुठे तो हातात बसला. फटके खाण्याची मुभा स्टार्टरला पाचव्या दिवशी पुन्हा मिळते. क्लोजरला ती मिळत नाही.

रिव्हेराबद्दल इतकेच म्हणतो की एकाच कटरवर (शेवटी किंचित वळणाऱ्या फास्टबॉलवर) जवळपास दोन दशके काढणारा माणूस हा अपवाद होता, त्याच्यावरून धोरण आखता येत नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझा मुलगा लिटल लीगमध्ये पिचिंग करतो, त्यामुळे हा वाद मला जरा खालच्या पातळीवरून दिसतो. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे आणि ६६ किंवा अधिक टाकले तर चार दिवसांची सक्तीची विश्रांती आहे. नियम चांगले आहेत. पण ते मैदानात पडलेले चेंडू मोजतात, बाजूला उभे राहून टाकलेले मोजत नाहीत. एका प्रशिक्षकांनी माझ्या मुलाला शेवटच्या इनिंगसाठी 'तयार' ठेवण्याच्या नावाखाली एकाच सामन्यात तीनदा उठवून गरम केले आणि एकदाही आत पाठवले नाही. वहीत त्या दिवशी शून्य चेंडू लागले. रात्री त्याच्या खांद्याला बर्फ लावत बसलो होतो.

मोठ्या लीगमध्येही बुलपेनचा फोन वाजतो, माणूस उठतो, पूर्ण जोराने चेंडू टाकतो, मग व्यवस्थापकाचा विचार बदलतो आणि तो खाली बसतो, असे होतच असते. त्यामुळे 'कमी इनिंग्ज म्हणजे सुरक्षित खांदा' हे समीकरण मला पटत नाही. स्टार्टरला निदान आपला दिवस आठवडाभर आधी ठाऊक असतो.

जुना ओरिओल

एडिसनकर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते माझ्या बाजूविरुद्ध जाते, तरी मान्य करतो. गॅरेट क्रोशेची कोपराची शस्त्रक्रिया २०२२ मध्ये झाली, तेव्हा त्याने मोठ्या लीगमध्ये एकही सामना स्टार्टर म्हणून सुरू केला नव्हता. पण पुढचा भागही पाहा. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने त्याला एकदम स्टार्टर केले, त्याने १४६ इनिंग्ज टाकल्या, आणि २०२५ मध्ये बॉस्टनसाठी दोनशेहून अधिक इनिंग्ज टाकून २५५ स्ट्राइकआउटसह अमेरिकन लीगमध्ये आघाडी घेतली. म्हणजे बुलपेनमध्ये गेलेला पिचर तेथेच अडकून राहतो, हे काही विधिलिखित नाही.

सासाकीच्या बाबतीत मला खरी चिंता त्याच्या सहनशक्तीची वाटते. त्याला लहानपणापासून जपूनच वापरले गेले आहे. २०१९ मध्ये जपानमधील इवाते प्रांताच्या अंतिम सामन्यात शाळेच्या प्रशिक्षकांनी त्याला खांदा-कोपर जपण्यासाठी मैदानातच उतरवले नाही आणि शाळा २-१२ अशी हरली. चिबा लोत्ते या त्याच्या जपानी व्यावसायिक संघाने २०२० मध्ये त्याला संपूर्ण वर्ष एकही सामना दिला नाही. एप्रिल २०२२ मध्ये १९ स्ट्राइकआउटसह परफेक्ट गेम टाकल्यावर पुढच्याच सामन्यात आठ इनिंग्ज एकही फलंदाज बेसवर न जाऊ देता झाल्या होत्या, तरी त्याला काढून घेतले. एवढे करून जपानमधील एका मोसमातील त्याची सर्वाधिक मजल १२९ इनिंग्जच्या आसपासच राहिली, आणि तीही आठवड्यातून एकदा पिचिंग करण्याच्या पद्धतीत. अशा माणसाकडून १८० इनिंग्जची अपेक्षा धरणारा डावखुरा यांचा हिशेब मला हवेतला वाटतो. एप्रिलपासून पाच-पाच इनिंग्ज, सहा स्टार्टरच्या फेऱ्यात, आणि १२०-१३० झाल्या की सप्टेंबरमध्ये पुन्हा बुलपेन, असे का करू नये?

बुलपेनचा फोन

म्हणजे वर्षातून दोनदा भूमिका बदलायची. यालाच आपण चेंबरलेनच्या बाबतीत गोंधळ म्हणत होतो ना?

डावखुरा

फरक आहे. यांकीजने चेंबरलेनची भूमिका मोसम चालू असताना, संघाच्या अडचणीनुसार बदलली, तर जुना ओरिओल सुचवतात ती योजना हिवाळ्यातच ठरवून खेळाडूला सांगता येते आणि व्यायामाचे वेळापत्रक त्यानुसार बांधता येते. १८० चा आकडा पहिल्याच वर्षासाठी मी धरलेला नाही, हेही स्पष्ट करतो. १३० इनिंग्ज मला मान्य आहेत, अट एकच की त्या १३० मध्ये स्लायडर खेळून घ्यावा, मग ईआरए पाचवर गेला तरी चालेल.

सप्टेंबरमध्ये नववी इनिंग त्यालाच द्यावी, हे मात्र मला पटत नाही. फिलाडेल्फियाविरुद्धचे नऊ फलंदाज सर्वांच्या लक्षात राहिले, पण त्यानंतर चारच दिवसांनी मिलवॉकीत तो दोन धावांची आघाडी घेऊन नवव्या इनिंगला आला होता. दोघांना वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट पहिला बेस) दिला, एक धाव गेली आणि शेवटचा फलंदाज बाद करायला ब्लेक ट्रायनेनला बोलवावे लागले. त्या रात्री त्याचा नेम चुकत होता आणि दिशा सापडेपर्यंत वाट पाहायला त्याच्याकडे इनिंग्ज नव्हत्या. स्टार्टर म्हणून उतरला असता तर ती पहिली इनिंग असती, एक धाव गेली असती आणि दुसऱ्या इनिंगला तो पुन्हा टेकडीवर (पिचरच्या जागी) आला असता.