अनुभव धागा: विजेच्या तारांजवळ काम करताना

धागाकर्ती
काल समोरच्या इमारतीला रंग देणारा एक मुलगा ॲल्युमिनियमची लांब शिडी उभीच्या उभी धरून तारांखालून निघालेला दिसला आणि माझ्या हातापायांतले बळच गेले. मी गॅलरीतून ओरडून त्याला जागीच थांबवले, शिडी आडवी करायला लावली, आणि मग दोघांनी दोन टोके धरून ती पलीकडे नेली. माझा धाकटा भाऊ असाच गेला, लोखंडी पाइप उभा करताना. "तार अजून बरीच वर आहे," असे तो नुकताच म्हणाला होता, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हा सर्वांनाही तसेच वाटत होते. मोकळ्या आभाळाकडे बघताना तारेच्या उंचीचा अंदाज डोळ्यांना येत नाही, आणि विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त असेल तर तारेला टेकण्याआधीच वीज मधली हवा भेदून झेप घेते, हे मला त्यानंतर कळले. ज्यांनी असे काही पाहिले किंवा सोसले आहे, त्यांनी ते इथे लिहावे अशी मनापासून विनंती आहे.

निवृत्त लाइनमन
ताई, वाचून गलबलून आले. माझी सारी नोकरी खांबांवर गेली, आणि या काळात मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटली असेल तर ती "लाइन बंद आहे" या वाक्याची. एकदा पुरवठा रीतसर बंद करून, परमिट, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, हातात घेऊन आम्ही ११ हजार व्होल्टच्या लाइनवर काम सुरू करणार होतो. सवयीप्रमाणे मी आधी चाचणीची काठी तारेजवळ नेली, तर दिवा लागला आणि बझर वाजू लागला. शोध घेतल्यावर कळले की एका घरात जनरेटर सुरू होता आणि तो बाहेरच्या लाइनपासून तोडलेला नव्हता. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. घरातले २३० व्होल्ट त्याच्यातून मागे शिरले की पलीकडे ११ हजार होऊन बाहेर पडतात. म्हणून बंद करा, कुलूप लावा, तपासा, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग बांधल्याशिवाय तारेला हात लावू नका.

आणखी एक सांगतो. खांबांवरच्या बहुतेक तारा उघड्याच असतात. जुन्या तारेवर काळपट थर दिसतो, तो हवामानाने चढलेला असतो. त्याला आवरण समजून लोक जवळ जातात.

गृहिणी, दोन मुलांची आई
तो काळा थर म्हणजे रबर असावे, असे मीही आजवर समजत होते. मुलांना आजच सांगते. ताई, तुमच्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले.

डंपरचालक
माती ओतण्यासाठी मी डंपरचा हौदा वर केला आणि तो तारेला लागला. मोठा आवाज झाला, निळसर उजेड पडला, आणि मग सगळे शांत झाले. वीज गेली असे वाटून मी दाराच्या कडीला हात घातला होता, तेवढ्यात तार पुन्हा तडतडली. बिघाड झाल्यावर बंद पडलेली लाइन काही सेकंदांत आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माझा मदतनीस मला उतरवायला धावत येत होता. त्याला मी काचेतून हात हलवून मागे घालवले. पुरवठा तोडल्याचा निरोप येईपर्यंत मी केबिनमध्ये हात मांडीवर ठेवून बसून होतो आणि बाहेर टायरमधून धूर निघताना दिसत होता. टायर रबराचे असल्यामुळे गाडी सुरक्षित राहते, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

गृहिणी, दोन मुलांची आई
दादा, पण गाडीने पेट घेतला असता तर?

निवृत्त लाइनमन
तेव्हा मात्र उतरावेच लागते. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही, अशा रीतीने दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, आणि मग पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून, जमिनीवर घासत निदान १० मीटर दूर जायचे. तार पडलेल्या जागेभोवतीच्या जमिनीतही विजेचा दाब असतो आणि तो अंतरागणिक कमी होत जातो, म्हणून मोठे पाऊल टाकले तर एका पायातून दुसऱ्या पायात वीज वाहते.

बांधकामावरची अभियंता
जमिनीखालच्या केबलबद्दल लिहिते, कारण ती दिसतच नाही. आमच्या नकाशात केबल ९० सेंटिमीटर खोल दाखवलेली होती. नंतर रस्त्याची पातळी खाली आणल्यामुळे ती प्रत्यक्षात फक्त ३० सेंटिमीटरवर सापडली, तीही नकाशातल्या रेषेपासून हातभर बाजूला. केबल शोधणारे यंत्र आधी गप्पच राहिले, कारण त्या केबलमधून त्या वेळी जवळजवळ प्रवाहच जात नव्हता. वेगळा सिग्नल सोडल्यावर ती सापडली. त्यानंतर मी जेसीबी दूर उभा केला आणि हाताने चाचणी खड्डा घ्यायला लावला, पहार-टिकाव न वापरता, फावड्याने, केबलच्या वरून खाली न खणता बाजूने. तरीही फावड्याच्या पात्याने केबलचे नखाएवढे साल निघाले. मुकादम म्हणाले, "एवढ्याने काय होते, माती लोटा." मी काम थांबवून कळवले, सर्वांना खड्ड्याबाहेर काढले, आणि ती जागा दुरुस्त करून घेतली. अशा बारीक जखमेतून ओल आत शिरते आणि केबल काही महिन्यांनी फुटते, तेव्हा वर उभा असणारा माणूस दुसराच कोणीतरी असतो. मुकादमांशी माझे त्या दिवसापासून बोलणे कमी झाले, त्याचे मला वाईट वाटते.

परिचारिका
धक्का बसल्यावर माणूस चालत-बोलत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. कातडीवरचा चट्टा लहान असतो, पण आत भाजलेले असू शकते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आणि पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये; मदतीला धावलेला दुसरा माणूसही आमच्याकडे येतो, हे मी पाहिले आहे.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. आज सकाळी मी त्या मुलाच्या ठेकेदारांशी बोलले. त्यांनी वीज कार्यालयात अर्ज दिला आहे, आणि तारांकडच्या भिंतीचे काम पुरवठा बंद होईपर्यंत थांबवले आहे. लाइनमन काका, शिडी फायबरची आणली तर ती ओली असतानाही चालेल का?

निवृत्त लाइनमन
ओली किंवा मळलेली असेल तर नाही, ताई. कोरडी असली तरी अंतर तेवढेच ठेवायला सांगा.