मदत हवी आहे: पालिकेची माध्यमिक शाळा दुसरीकडे हलवत आहेत, ती कायमची बंद पडू नये म्हणून काय करावे?

परळची_मुलगी

परळ-लालबाग भागातल्या आमच्या पालिकेच्या मराठी शाळेची इमारत रिकामी करायची आहे आणि जूनपासून वर्ग रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेच्या एका शाळेत भरतील, असे पालकांना सांगण्यात आले आहे. एकदा हललेली शाळा परत येत नाही, असे वस्तीत जो तो म्हणतो आहे आणि कित्येक पालक आत्ताच दाखले काढायला निघाले आहेत.

माझे वडील, दोन्ही आत्या आणि मी याच शाळेत शिकलो, आता माझी मुलगी शिकते आहे. जिन्याच्या पहिल्या वळणावर दहावीत पहिल्या आलेल्या मुलामुलींच्या नावांचा लाकडी फलक आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, घराघरातला पगार थांबला, त्या वर्षांतही त्या फलकावरची एकही ओळ रिकामी राहिलेली नाही. संध्याकाळी सातनंतर खालच्या मजल्यावरचे दोन वर्ग अभ्यासिकेसाठी उघडतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात, तिथल्या मुलाला वही उघडायला दुसरी जागा नाही. शाळा गेली तर हेही जाईल.

कोणत्या कार्यालयात अर्ज द्यायचा, एवढेच कृपया तातडीने सांगा. सुट्टी लागायच्या आत हालचाल करायची आहे.

निवृत्त_अभियंता

ताई, इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली आहे का आणि तिला कोणता वर्ग दिला आहे, हे आपण लिहिलेले नाही. सगळे त्यावर अवलंबून आहे. मुंबईत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणे. सी-२ब मध्ये माणसे आत असतानाच दुरुस्ती करता येते आणि सी-३ मध्ये किरकोळ कामे असतात. आपली इमारत सी-२ब असेल, तर मुळात हलायचे कारण काय, असा प्रश्न लेखी विचारता येईल. सी-१ असेल, तर एक दिवसही मुलांना आत बसवू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

खडू_फळा

मी पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. काही गोष्टी कळल्याशिवाय सल्ला देणे धोक्याचे आहे. शाळेत कोणकोणत्या इयत्ता आहेत, नववी-दहावीचा पट किती आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हलवण्याची गोष्ट पालकांना कोणी आणि कशाच्या आधारे सांगितली? आदेशाचा जावक क्रमांक कोणी पाहिला आहे का?

परळची_मुलगी

पालकसभेत तोंडी सांगितले. आदेश वरून आला आहे, असे बाईंनी सांगितले, आणि त्याही बिचाऱ्या रडवेल्या झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर सातवीच्या वर्गाबाहेर तुळईचा गिलावा पडून गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत, तो भाग बांबू बांधून बंद केला आहे, एवढे मी स्वतः पाहिले आहे. अर्ज कोणाला द्यायचा, हे कोणीच सांगत नाही.

कायदेपंडित

शाळा हलवताच येणार नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. समितीने ठराव करून विरोध नोंदवावा, विषय तिथेच संपतो.

खडू_फळा

विषय तिथे संपत नाही, साहेब. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. या ताईंची काळजी मुख्यतः नववी-दहावीची दिसते आणि तिथे तो आधार तोकडा पडतो. शिवाय रेल्वेपलीकडची शाळा नकाशावर तीन किलोमीटरच्या आतच भरेल, त्यामुळे आपला मुद्दा सहावी ते आठवीसाठीही टिकणार नाही. माध्यमिक वर्गांसाठी वेगळी व्यवस्थापन व विकास समिती असते. ती अस्तित्वात आहे का आणि तिचे इतिवृत्त लिहिले जाते का, हे आधी पाहावे.

दक्षिण_मुंबईकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मराठी माध्यमाचा पट घटतो आहे, हे खरे दुखणे आहे. मुंबई महापालिकेने २०२०-२१ पासून केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळा सुरू केल्या आणि तिथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. इमारत नवी होणारच असेल, तर पालकांनी त्याच जागेवर केंद्रीय मंडळाची शाळा मागावी. वर्ग ओसंडून वाहतील आणि शाळा बंद करण्याचे कोणी नाव काढणार नाही.

मुक्ता_वाचक

दक्षिण_मुंबईकर, सोडत म्हणजे निवड आली. आज त्या शाळेत कोण शिकते, याचाही विचार करा. मी शेजारच्या विभागात पाच वर्षे स्वयंसेवक म्हणून शिकवले आहे. गिरणी कामगारांची नातवंडे आता थोडी उरली आहेत. बहुतेक मुले नाक्यावर काम मिळवणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची, सोलापूर आणि मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची आहेत. वर्षाच्या मधे, हातात गावच्या शाळेचा दाखला घेऊन येणाऱ्या मुलाला सोडतीची शाळा दारात उभे करील का? आल्या मुलाला त्याच दिवशी बाकावर बसवणारी शाळा वस्तीला हवी आहे, आणि या शाळेचा मोठेपणा मला त्यातच दिसतो.

दक्षिण_मुंबईकर

मोठेपणा मान्य आहे. परंतु रिकाम्या बाकांनी शाळा टिकत नाही. सेमी इंग्रजीचे वर्ग वेळेवर सुरू झाले असते, तर ही पाळी आली नसती.

जुना_विद्यार्थी_८९

मी याच पट्ट्यातल्या शाळेतून १९८९ मध्ये दहावी झालो. आमच्या तुकडीतले लोक आज रुग्णालयांत, बेस्टमध्ये, पोलिसांत आणि बँकांत आहेत. आमचे लेझीम पथक विभागात नावाजलेले होते आणि त्या पथकातली मंडळी अजून दरवर्षी भेटतात. आम्ही वर्गणी काढू, दुरुस्ती करून देऊ. कोणाच्या दारात जायची गरज काय?

निवृत्त_अभियंता

भावना मोठी आहे, पण हे करू नका. पालिकेच्या इमारतीच्या खांब-तुळयांना माजी विद्यार्थ्यांना हात लावता येत नाही. निविदा, संरचनात्मक सल्लागार, देखरेख आणि नंतरची जबाबदारी हे सगळे पालिकेच्या अभियंत्यांकडेच असते. मुंबईत शाळांच्या इमारतींचे काम शाळा पायाभूत सुविधा कक्ष पाहतो. तुमच्या पैशाने वरून गिलावा केला, तर सळयांचा गंज आत वाढतच राहील आणि भिंत मात्र नवी दिसेल. त्यातून पोरांच्या जिवाशी खेळ होईल.

जुना_विद्यार्थी_८९

मग आम्ही नुसते बघत बसायचे का? लोकांच्या प्रेमाला काही जागा आहे की नाही?

रात्रशाळा_शिक्षक

या निमित्ताने सर्वांच्या माहितीसाठी लिहितो. ज्यांची शाळा मधेच सुटली आहे, त्यांना सतरा क्रमांकाचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. दिवसा काम करणाऱ्यांसाठी मुंबईत रात्रशाळा आहेत आणि ‘मासूम’सारखी संस्था अशा शाळांबरोबर काम करते. कोणाला माहिती हवी असल्यास विचारावे.

परळची_मुलगी

सर, आभार, परंतु आमच्या मुलांची शाळा अजून सुटलेली नाही. ती सुटू नये म्हणून तर हा धागा काढला आहे.

आज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पत्र पाहायला मिळाले. इमारतीचा वर्ग सी-२अ आहे. ‘वर्गांचे तात्पुरते स्थलांतर’ असे शब्द आहेत, मुदत मात्र दिलेली नाही. पाचवी ते दहावी असे वर्ग आहेत, नववी-दहावीची मिळून ५२ मुले आहेत. ज्या शाळेत पाठवणार आहेत, तिथेही पालिकेचेच दहावीपर्यंतचे वर्ग आहेत.

पालकांचा खरा धसका मात्र रस्त्याचा आहे. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे, त्यामुळे मुलांना स्थानकाच्या पादचारी पुलाने गर्दीच्या वेळी ये-जा करावी लागेल. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या जिन्यावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली, हे आमच्या चाळींत कोणी विसरलेले नाही. पाचवीतल्या पोरीला त्या गर्दीत एकटे पाठवायला आई तयार होत नाही आणि कामावरची सुट्टी काढून तिला रोज सोडायलाही जाऊ शकत नाही.

निवृत्त_अभियंता

सी-२अ असेल, तर रिकामी करणे योग्यच आहे, त्याला विरोध करू नका. विरोध केलात, तर सुरक्षेच्या मुद्द्यावर तुमची बाजू पहिल्याच बैठकीत पडेल. मागायचे ते कामाचे वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि काम पूर्ण होण्याची तारीख. तपासणी अहवालाविषयी शंका असेल आणि दुसरा अहवाल वेगळे सांगत असेल, तरच तांत्रिक सल्लागार समितीचा मार्ग घ्यावा. तुमच्या बाबतीत त्याची गरज दिसत नाही.

खडू_फळा

आता नेमके बोलता येईल. ताई, शाळा बंद पडते ती इमारतीमुळे क्वचितच. ती संचमान्यतेमुळे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या पद्धतीमुळे पडते. शिक्षकांची पदे ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि तोही आधार पडताळणी झालेला पट. म्हणजे जूनमध्ये घाबरून पालकांनी दाखले काढले, की सप्टेंबरअखेर पट घसरतो, पदे कमी होतात, गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात, ते गेले म्हणून उरलेले पालकही मुले काढतात आणि दोन वर्षांत शाळा आपोआप संपते. तिला बंद करण्याचा आदेश काढावाच लागत नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले, म्हणूनच कमी पटाच्या शाळांच्या शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी त्याला एवढा विरोध केला.

म्हणून दाखले थांबवणे हे पहिले काम आहे, मोर्चा नंतर. दुसरे असे की, तुमच्या शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, स्वतंत्र राहिला पाहिजे. जिथे जाल तिथेही दहावीपर्यंतचे वर्ग आहेत, त्यामुळे दोन्ही पट एकत्र करून समायोजन करण्याचा मोह प्रशासनाला होईल. वर्ग एका छताखाली भरले, तरी हजेरीपट, शिक्षक आणि क्रमांक वेगळे राहतील, असे लेखी घ्या. दुपारच्या सत्रात तुमची शाळा स्वतंत्र भरवता येईल का, हेही विचारा.

कायदेपंडित

यात माझी भर घ्यावी. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून केवळ प्रती मागवू नका, नस्तीची, म्हणजे कार्यालयातल्या फाइलची, प्रत्यक्ष पाहणी मागा. कलम २ च्या व्याख्येत तो हक्क स्पष्ट दिलेला आहे. तपासणी अहवाल, टिप्पणी आणि पत्रव्यवहार समोर बसून वाचता येतो. मात्र उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज आजच द्यावा आणि मागण्यांचा अर्ज वेगळा द्यावा. मागण्यांचा अर्ज विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना (शाळा), प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना आणि पायाभूत सुविधा कक्षाला. तिन्ही ठिकाणी आवक शिक्का घ्यावा.

जुना_विद्यार्थी_८९

आणि आम्ही?

मुक्ता_वाचक

तुम्हाला मी काम सुचवते. अभ्यासिका बंद होणार आहे, तिला परिसरात जागा शोधून द्या. एखाद्या मंडळाचे सभागृह, चाळ समितीचे कार्यालय, व्यायामशाळेची वरची खोली, काहीही चालेल. दुसरे म्हणजे, सकाळी लहान मुलांना गटाने पुलावरून नेऊन सोडणारी माणसे हवी आहेत. तुमच्या लेझीम पथकातली निवृत्त झालेली मंडळी हे काम आनंदाने करतील. वर्गणीपेक्षा याचा उपयोग अधिक होईल आणि दाखला काढायला निघालेली आई यानेच थांबेल.

दक्षिण_मुंबईकर

पालिकेकडे बसची मागणी करणे अधिक योग्य नाही का? नागरिकांनी प्रशासनाचे काम आपल्या अंगावर का घ्यावे?

मुक्ता_वाचक

बसची मागणी अर्जात जरूर असावी. पण ती मंजूर होईपर्यंत जून उलटलेला असेल आणि मुले तोवर घरी बसतील.

जुना_विद्यार्थी_८९

पुलाचे काम आमच्याकडे. आमच्या मंडळाच्या सभागृहाविषयी रविवारी अध्यक्षांशी बोलतो. ताई, खाजगी संदेशात आपला विभाग कळवा.

परळची_मुलगी

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आज दुपारी विकास समितीची बैठक बोलावली. ती कागदावर होती आणि इतिवृत्ताची वहीही सापडली. कामाचे वेळापत्रक आणि परतीची तारीख, स्वतंत्र यूडायस क्रमांक आणि हजेरीपट, दुपारचे सत्र, बस आणि जिन्यावरचा फलक सुरक्षित काढून ठेवणे, एवढ्या मागण्यांचा ठराव झाला. उद्या तिन्ही ठिकाणी अर्ज देते. दाखल्यासाठी आलेल्या चार पालकांनी जूनपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.

एक अडचण मात्र उरली आहे. काही मुलांची आधारवरची नावे शाळेच्या नोंदींशी जुळत नाहीत, कोणाचे वडिलांचे नाव वेगळे आहे, कोणाची जन्मतारीख. ती मुले रोज वर्गात बसतात आणि पटात मात्र धरली जाणार नाहीत का?

खडू_फळा

पडताळणी झाली नाही, तर संचमान्यतेत ती धरली जाण्याची खात्री नाही, म्हणून हे काम सुट्टीतच उरका. आधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद तपासा. चूक विद्यार्थ्यांची माहिती पोर्टलवर भरताना झाली असेल, तर दुरुस्ती शाळेमार्फतच होते आणि पालकांना कुठेच जावे लागत नाही. चूक आधारमध्ये असेल, तर जन्माचा दाखला घेऊन आधार केंद्रावर जावे लागेल. दहावीत जाणाऱ्या मुलांपासून सुरुवात करा, कारण मंडळाच्या परीक्षेचा अर्जही याच नोंदींवरून भरला जातो. यादी तयार झाली की इथे लिहा, नावे न देता कोणत्या प्रकारची चूक आहे तेवढेच लिहा, मी एकेक पाहून सांगतो.