मदत हवी आहे: इंजिन तापलं तरी हीटरमधून गार हवाच येते

मंडळी, गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक, हाताने फिरवायचा साधा नॉब. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी हवा गारच, रेस वाढवूनही फरक नाही. नाशिकच्या थंडीत पहाटे समोरची काच धुरकटते आणि लवकर साफ होत नाही. मला खरी काळजी त्याचीच आहे.

इंजिन गार असताना कूलंट पाहिलं, पातळी बरोबर आहे. गाडीचं तोंड चढावर ठेवून एअर लॉक (कूलंटमध्ये अडकलेली हवा) काढला. थर्मोस्टॅट नवा आहे, नॉबच्या केबलने गरम-गार हवा बदलणारा फ्लॅपही नीट फिरतो. आतलं कार्पेट कोरडं, कूलंटचा गोडसर वास नाही, म्हणजे आत गळती दिसत नाही. मात्र हीटरकडे जाणाऱ्या दोन पाइपांपैकी एक चटका बसेल इतका गरम आणि दुसरा जवळपास गार. पाइपवर वेगळा वॉल्व्ह नाही.

मेकॅनिक म्हणतो, हीटर कोर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातल्या गरम कूलंटने हवा तापते) चोक झालाय, डॅशबोर्ड उतरवून बदलावा लागेल. एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुढे खडखडतो, म्हणून तो उपाय मला अगदी शेवटी करायचा आहे.

दोन्ही पाइप सोडवून उलट्या दिशेने पाणी सोडून कोर कोणी साफ केलाय का? नुसत्या पाण्याने भागलं की केमिकल लागलं, आणि नंतर जुना कोर गळायला तर लागला नाही ना?