मदत हवी आहे : मानसशास्त्रज्ञांकडे जातो आहे, पण फरक का पडत नाही?

धंतोलीकर
नमस्कार. धरमपेठेतील एका खासगी मानसशास्त्रज्ञांकडे मी दिवाळीपासून नियमित जात आहे. दर भेटीचे शुल्क पदरचे भरतो. परंतु मॅडम काय करावे ते सांगतच नाहीत, उलट मलाच प्रश्न विचारतात आणि घरी वही भरायला लावतात. असेच असते काय, की तज्ज्ञ बदलावा? शनिवारी पुढची भेट आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

निशिगंध
आपण कशासाठी जाता, तेच लिहिलेले नाही. शिवाय त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील, तर अशा उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांची नोंदणी पाहिली काय?

माहुरझरीचा_वाटसरू
एवढा खर्च कशाला? माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसा, शुल्क नाही. माझा स्वभाव तिथेच निवळला.

निशिगंध
दादा, शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची आणि चालू औषधांची माहिती मागतात. समोरच्याची अडचण कळण्याआधी सरसकट सल्ला देऊ नये.

धंतोलीकर
नोंदणी आहे. विषय रागाचा आहे. घरी मुलावर, कार्यालयात हाताखालच्यांवर. औषधे नाहीत.

सदरची_सून
मग ती वही हाच उपचार आहे, भाऊ. 1960च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रसंग, त्या क्षणी मनात आलेला विचार आणि भावनेची तीव्रता (शंभरपैकी किती) वेगवेगळ्या रकान्यांत लिहितात. माझ्या दिरांच्या वहीत एकदा होते : ‘मुलाने दूध सांडले, हा मुद्दाम करतो, राग 90.’ ‘मुद्दाम’ला पुरावा काय, एवढेच त्यांच्या तज्ज्ञांनी विचारले, आणि पुढच्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिले की पेला काठोकाठ भरलेला होता, राग 40. उत्तर दुसऱ्याने दिले असते, तर ते वाद घालत बसले असते. तरीही उपचाराचे उद्दिष्ट काय आणि प्रगती कशावरून मोजायची, हे शनिवारी मॅडमना स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पॉलिसीवाले_काका
2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. आपली पॉलिसी कोणती?

धंतोलीकर
काका, विम्याचे मी विचारलेच नव्हते. ताई, शनिवारी विचारतो. पण रोज लिहायला वेळ कुठून आणायचा?

सदरची_सून
रोज नाही, राग आला की तेवढेच. दोन ओळी पुरतात. आतापर्यंत वहीची किती पाने भरली आहेत?

निशिगंध
मीही तेच विचारणार होते.